फियॉर्डकाठच्या शाळेचा ठराव

२००३ साली दिवाळीच्या आधी मी टेक्सासमधल्या प्लेनोला गेले. त्याआधी सात वर्षं मी साताऱ्याच्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत होते. नवरा सॉफ्टवेअरमध्ये. त्याचा व्हिसा कामाचा आणि माझा त्याच्या आधाराने मिळालेला. त्या व्हिसावर मला एक दिवसही पगारी काम करता येणार नव्हतं. हे निघताना माहीत होतं. पण सकाळी साडेआठला त्याची गाडी कॉम्प्लेक्सच्या फाटकातून बाहेर पडली की पुढचे दहा तास अंगावर यायचे, ते मात्र तिथे गेल्यावरच कळलं.

आमचं अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर होतं. खिडकीतून पार्किंग दिसायचं. माणसं गाडीतून उतरायची आणि दारात शिरायची. वर्षभर राहूनही शेजाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा मला नीट ओळखता आला नसता. शनिवारी-रविवारी मराठी मंडळींकडे पॉटलक असायचं, प्रत्येकीने एकेक पदार्थ करून न्यायचा. तिथे ग्रीन कार्डाच्या आणि शाळांच्या डिस्ट्रिक्टच्या गप्पा व्हायच्या. कुणी तरी हमखास विचारायचं, "मग तू दिवसभर काय करतेस?" मी म्हणायचे, "काही नाही, एन्जॉय करते." सगळ्या हसायच्या आणि विषय बदलायचा.

घरी फोन कॉलिंग कार्डावरून. वडील, म्हणजे आमचे अण्णा, निवृत्त ग्रामसेवक. कोयनेच्या जलाशयाकाठच्या गावांत त्यांची सगळी नोकरी झाली. दप्तराची पिशवी खांद्याला लावून लाँचने या काठावरून त्या काठावर जायचे. फोनवर मात्र त्यांना काय बोलावं ते सुचायचं नाही. "जेवलीस का? थंडी आहे का? बरं, ठेव, कार्ड संपेल." मग मीही ठेवायचे.

जानेवारीत मी चालत लायब्ररीत जायला लागले. पंचवीस मिनिटांची वाट, त्यातला अर्धा फुटपाथ मध्येच संपायचा आणि मग गवतातून चालावं लागायचं. गाड्यांतली माणसं वळून बघायची. लायब्ररीत बिनपगारी मदतनीस घेत होते. परत आलेली पुस्तकं नंबरानुसार रॅकवर लावायची, एवढंच काम. दोन महिने तिथे माझं कुणाशी दोन वाक्यांच्या वर बोलणं झालं नाही.

एक आजी दर मंगळवारी यायच्या. वय ऐंशीच्या आसपास, उंच, हाडापेराने मजबूत, टेक्सासच्या उकाड्यातही अंगात राखाडी स्वेटर. त्यांचा मुलगा त्यांना सकाळी दारात सोडायचा आणि दुपारी न्यायला यायचा. त्या सरळ कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी जायच्या आणि पडद्याला नाक लागेल इतक्या पुढे वाकून बसायच्या. एकदा मी जवळून जाताना त्यांनी मला थांबवलं.

"अक्षरं मोठी करता येतील का?"

मी केली. अजून मोठी म्हणाल्या, अजून केली. शेवटी पडद्यावर तीनच शब्द मावायला लागले. त्या मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने बघत होत्या. "मधलं पुसलं गेलंय," त्या म्हणाल्या. "फक्त कडा दिसतात. डॉक्टर म्हणतो, कडा राहतील."

अक्षरं ओळखीची होती, पण शब्द नव्हते. काही अक्षरांच्या डोक्यावर टिंबं, काहींच्या पोटातून तिरकी रेघ. मी विचारलं, ही कुठली भाषा?

"नॉर्वेजियन. माझ्या गावच्या कौन्सिलच्या मीटिंगचं इतिवृत्त आहे. आता ते सगळं इंटरनेटवर टाकतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुला वाचता येईल?"

"मला ही भाषा येत नाही."

"समजायला नाही सांगत. समजायला मी आहे. तू फक्त वाच."

मी खुर्ची ओढून बसले आणि वाचायला लागले. पहिल्या ओळीलाच त्या हसल्या. मग एकेक शब्द सुधारून द्यायला लागल्या. पुढच्या मंगळवारी मी वही नेली आणि उच्चार देवनागरीत लिहून घेतले. टिंबवाल्या 'ए'चा उच्चार आपल्या 'डॉक्टर'मधल्या 'ऑ'सारखा, तो लगेच जमला. पोटात रेघ असलेल्या 'ओ'ला आपल्याकडे अक्षरच नाही. ओठ 'ओ'चे करायचे आणि आवाज आपल्या मराठी 'ए'चा काढायचा. मी त्यासाठी 'ओ'वर एक फुली मारायचं ठरवलं. ठरावाच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारे दोन शब्द मी 'साम्रॉयस्तेस वेदतेके' असे लिहून ठेवले होते. त्यांचा अर्थ विचारला तर म्हणाल्या, "सगळ्यांच्या मताने मंजूर."

"सर्वानुमते मंजूर," मी मराठीत पुटपुटले. अण्णांच्या हस्ताक्षरात हे शब्द मी लहानपणापासून पाहिले होते.

अशा आमच्या मंगळवारच्या बैठका सुरू झाल्या. टेक्सासातल्या एका लायब्ररीत सातारची एक बाई मोठ्याने नॉर्वेजियन वाचते आहे आणि तिला त्यातलं अक्षरही कळत नाही, हे बाहेरून कसं दिसत असेल, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. मला इतकंच कळत होतं, की आठवड्यातून दोन तास माझ्या आवाजाची कुणाला तरी गरज आहे.

हळूहळू त्यांचं गाव मला कळत गेलं. गाव म्हणजे एक गाव नव्हे, तर कोम्यूने. ग्रामपंचायत म्हणावी तर पसारा तालुक्याएवढा, नगरपालिका म्हणावी तर त्यात नगर नाही. फियॉर्ड म्हणजे डोंगरात लांबवर घुसलेला समुद्राचा हात. फळ्यावर त्याची आकृती मी किती तरी वेळा काढली होती. पण त्याच्या काठावर कुणी जेवतं, भांडतं, शाळेत जातं, हे मी कधी मुलांना सांगितलं नव्हतं. दोन्ही बाजूंना कडे सरळ पाण्यात उतरलेले. जिथे ओढा येऊन मिळतो तिथे हातभर सपाट जमीन, आणि त्या जमिनीवर एक-दोन शेतघरं. उन्हाळ्यात गाई-शेळ्या वरच्या कुरणांवर न्यायच्या. मुली महिना-दोन महिने तिथेच राहून चीज करायच्या. हिवाळ्यात कित्येक आठवडे त्यांच्या घरावर ऊनच पडायचं नाही. ज्या दिवशी ते डोंगरावरून परत यायचं, त्या दिवशी शाळेला अर्धी सुट्टी असायची.

"पूर्वी पाणी हाच रस्ता होता," त्या सांगायच्या. "म्हणून दोन्ही काठ एकमेकांना जवळ होते. चर्चला होडीने जायचं, लग्नाला होडीने, मयतालाही होडीनेच. मग आतल्या काठाने मोटाररस्ता झाला आणि आमचा काठ एकदम लांबचा झाला. आम्ही होतो तिथेच होतो."

भूगोलाच्या शिक्षिकेला हे वाक्य पाठ्यपुस्तकात मिळालं नव्हतं. मी ते वहीत लिहून घेतलं.

तिथे माणसाचं आडनाव शेताचं असे. आपल्याकडे गावाला 'कर' लावतात तसंच. फक्त त्यांच्या पूर्वजांमध्ये एक गंमत होती. शेत बदललं की आडनावही बदलायचं. त्यांच्या पणजोबांची आयुष्यात तीन आडनावं झाली होती. त्यांचा नवरा टेक्सासचाच, पण त्याचे आजोबा त्याच फियॉर्डवरून आलेले. डॅलसच्या नैऋत्येला नॉर्वेजियन लोकांची जुनी वस्ती आहे, तिथला. सैन्यातून सुटल्यावर तो आजोबांचं शेत बघायला गेला आणि येताना यांना घेऊन आला. पन्नासचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. त्यानंतर त्या दोनदाच गावी गेल्या होत्या. नवरा वारल्यावर शेती विकून मुलाकडे प्लेनोला आल्या. मुलाला भाषा येत नव्हती. त्या जुन्या वस्तीतही आता ती बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

हे सगळं मी अण्णांना फोनवर सांगितलं. सहज, काही तरी बोलायचं म्हणून. मग अण्णा म्हणाले, "म्हणजे आपल्या बामणोलीसारखं. पाणी मध्ये आणि वस्त्या दोन्हीकडे."

"तसंच."

"मग त्यांचा सरपंच थेट निवडून येतो का सदस्यांतून?"

मला माहीत नव्हतं. पुढच्या मंगळवारी विचारून आले. सदस्यांतून. त्याला जे म्हणतात त्याचा अर्थ 'शब्द पुढे नेणारा'. अण्णांना ते फार आवडलं. "आणि दप्तर कोण सांभाळतं?" दप्तराला वेगळा पगारी अधिकारी, जो निवडून येत नाही. "म्हणजे मी!" अण्णा म्हणाले. कोरम किती लागतो, सभा तहकूब करता येते का, महिला सदस्य किती, कायदा कधीचा? कायदा १८३७ चा आहे असं सांगितलं तर म्हणाले, "तेव्हा आपल्या साताऱ्याला गादी होती गं." एकदा तर कार्ड संपून फोन कट झाला तेव्हा ते वाक्याच्या मध्यावर होते. आई पुढच्या वेळी म्हणाली, "काय नॉर्वे नॉर्वे लावलंय? दिवसभर तेच सांगतायत सगळ्यांना."

त्याच वर्षी अण्णांना ऐकू कमी यायला लागलं. मी दोनदा-तीनदा सांगायचे, मग आई फोन घेऊन त्यांच्या कानाशी ओरडायची. माझा आवाज त्यांच्यापर्यंत तिच्या आवाजातून जायचा.

२००५ च्या जानेवारीत एका मंगळवारी मी नेहमीसारखी वाचत होते. रस्त्यावरचा बर्फ काढणं, फेरीबोटीच्या वेळा, मेंढ्यांच्या चराईची काही भानगड. मग एक लांब विषय आला. त्यात 'स्कूले' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. तो मला कळत होता. आजींनी माझ्या हातावर हात ठेवला.

"परत वाच."

मी परत वाचलं. त्या खुर्चीत मागे टेकल्या. बाहेरच्या, म्हणजे त्यांच्या काठावरची शाळा बंद करायचा प्रस्ताव होता. मुलं थोडी उरली होती, त्यांना आतल्या गावच्या शाळेत बसने न्यायचं. ही त्यांची शाळा. त्यांच्या वडिलांचीही.

"त्यांना बंद करता यायची नाही," त्या म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, "अर्थात येईल. त्यांनी तर आमचं नावसुद्धा बंद केलं."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की मी जे इतिवृत्त वाचत होते ते त्यांच्या कोम्यूनेचं नव्हतंच. त्यांची कोम्यूने साठच्या दशकात शेजारच्या मोठ्या कोम्यूनेत विलीन झाली होती. तेव्हा देशभर लहान कोम्यूने अशाच एकत्र केल्या होत्या. त्यांचे वडील त्या वेळी सदस्य होते आणि त्यांनी विलीनीकरणाच्या बाजूने मत दिलं, असं बहिणीने पत्रातून कळवलं. आजींनी टेक्सासहून वडिलांना पत्र लिहिलं. "मी लिहिलं, की तुम्ही स्वतःच्या हाताने आमचं नाव पुसलंत. अजून बरंच लिहिलं. माझं वय तेव्हा चाळिशीच्या आत होतं, आणि मी इतकी लांब होते, की मला वाटायचं तिथे सगळं तसंच राहावं."

"मग?"

"त्यांचं उत्तर आलं नाही. आईच्या पत्रात खाली असायचं, वडिलांचा नमस्कार. दोन वर्षांनी ते गेले. माझा मुलगा लहान होता, जाता आलं नाही."

मी घरी आले आणि अण्णांना फोन लावला. आईने ओरडून सगळं सांगितलं. अण्णांनी फोन आपल्या हातात घेतला. ऐकू येत नसलं तरी त्यांना सांगता येत होतं.

"जुना ठराव काढायला सांग. विलीनीकरणाचा. दोन गावं एकत्र होतात तेव्हा अटी घातल्याशिवाय कुणी सही करत नाही. मी ग्रुप ग्रामपंचायती केल्यात, मला विचार. पाण्याची टाकी कुठे, शाळा कुठे, सगळं लिहून घेतात. जुना ठराव बघा म्हणावं."

मला ते अण्णांचं वेड वाटलं. पण दुसऱ्या मंगळवारी आजींना सांगितलं, तर त्या सावरून बसल्या. "तुझे वडील काय करतात म्हणालीस?" मग त्यांनी अक्षर-अक्षर सांगितलं आणि मी कोम्यूनेच्या दप्तरखान्याला ईमेल टाइप केली. मला वाटलं होतं उत्तर यायचं नाही. दोन आठवड्यांत आलं. कुणा बाईने जुन्या सभेच्या वहीची दोन पानं स्कॅन करून पाठवली होती आणि खाली लिहिलं होतं, की अमेरिकेतून कुणी विचारलं याचा आनंद झाला.

हस्ताक्षर तिरपं, शाई फिकट. मला एकेक अक्षर लावायला वेळ लागत होता. ठराव, मतं इतकी विरुद्ध इतकी. नावं नव्हती. त्याच्या खाली चार ओळी वेगळ्या होत्या, आणि त्यांच्या सुरुवातीला आजींच्या माहेरच्या शेताचं नाव होतं. ते मला ओळखीचं झालं होतं. मी अडखळत वाचलं. आजी काही बोलेनात. मला वाटलं उच्चार चुकला. मी परत पहिल्यापासून वाचायला लागले.

"बरोबर वाचलंस," त्या म्हणाल्या. "पुढे?"

"पुढे फक्त सही आहे."

त्या बराच वेळ पडद्याकडे मान तिरकी करून बघत राहिल्या, डोळ्यांच्या कडांनी. सही दिसली का ते मी विचारलं नाही. मग त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं. 'या सदस्याचं म्हणणं नोंदवावं. रस्ता आणि डॉक्टर एवढ्या लहान कोम्यूनेला पेलणार नाहीत, म्हणून त्याचं मत बाजूने आहे. मात्र बाहेरच्या काठावर शाळेत जाणारी मुलं आहेत तोवर ती शाळा तिथेच राहावी.'

"म्हणजे बहिणीने खरंच लिहिलं होतं," आजी म्हणाल्या. "त्यांनी बाजूनेच मत दिलं. आणि हेही होतं."

त्या दिवशी त्यांचा मुलगा न्यायला आला तेव्हा त्या त्याच्याशी काही बोलल्या नाहीत. त्याने मला विचारलं, "इज शी ओके?" मी म्हटलं, हो. दुसरं काय सांगणार?

मग हरकत लिहायची ठरली. प्रस्तावावर कुणालाही लेखी म्हणणं देता येत होतं, मुदत मार्चपर्यंत. आजींना काय म्हणायचं ते माहीत होतं, पण पत्र दरवेळी वडिलांच्या आठवणीवर जायचं आणि थांबायचं. मी पुन्हा अण्णांना फोन केला. "घे लिहून," अण्णा म्हणाले, आणि न थांबता सांगत सुटले. "विषय: शाळा बंद करण्याच्या प्रस्तावास हरकत. संदर्भ: एक, विलीनीकरणाचा ठराव. दोन, त्याखाली नोंदवलेलं सदस्याचं म्हणणं. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून… रडगाणं नको. मुद्दे घाल. पहिला मुद्दा, अट ठरावाच्या वहीत नोंदलेली आहे. दुसरा, मुलं आजही आहेत, तेव्हा अट संपलेली नाही. तिसरा, अट मोडायची असेल तर आधी तसा ठराव करा आणि कारण लिहा. आणि शेवटी काय लिहायचं?"

"काय?"

त्यांना ऐकू आलं नसावं, पण उत्तर त्यांनीच दिलं. "ही हरकत इतिवृत्तात नोंदवावी. हे विसरू नकोस. हरलो तरी नोंद राहते."

मी मराठीचं इंग्रजी केलं, आजींनी इंग्रजीचं त्यांच्या बोलीत केलं आणि मी ते अक्षर लावत टाइप केलं. 'उपरोक्त'वर त्या खूप हसल्या. त्यांच्या भाषेतही सरकारी कागदात असाच एक शब्द असतो म्हणे. सही म्हणून त्यांनी लग्नानंतरचं नाव सांगितलं. मग थांबल्या आणि म्हणाल्या, "नाही. शेताचं नाव लिही."

पोच आली. पत्र प्रकरणात नोंदवलं आहे, क्रमांक अमुक. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "आवक क्रमांक दिला ना? मग निम्मं काम झालं."

मे महिन्यात सभेचं इतिवृत्त आलं. मी वाचत गेले. 'अमेरिकेतून आलेलं पत्र' असा उल्लेख होता, तो त्यांनी परत वाचायला लावला. आणि मग शेवटी एक शब्द, 'उतसेत'. आजींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"पुढे ढकललं. एक वर्ष."

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो दमून आला होता, पण नीट ऐकलं त्याने. म्हणाला, "ग्रेट यार. पण एक वर्षाने काय?" मला राग आला, कारण प्रश्न बरोबर होता.

त्या वर्षात बरंच बदललं. मी ड्राइव्ह करायला शिकले, आम्ही जुनी दुसरी गाडी घेतली. आजी घरात पडल्या, त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्यानंतर मुलाने त्यांना हायवेपलीकडच्या एका केअर होममध्ये ठेवलं. मुलगा वाईट नव्हता. त्याला सकाळी सातला निघावं लागायचं, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. लायब्ररीत मंगळवारी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर दुसरी माणसं बसायची. मी पुस्तकं लावायचे आणि तिकडे बघायचं टाळायचे.

पंधरवड्यातून एकदा मी त्यांच्याकडे जायचे, कागदावर मोठ्या अक्षरात प्रिंट काढून. अक्षरं मोठी कशासाठी काढायचे कोण जाणे. वाचणारी मीच होते. त्या आता पुष्कळदा इंग्रजी विसरायच्या आणि नॉर्वेजियनमध्ये बोलायला लागायच्या. तिथल्या नर्स मला बघून सुटकेचा श्वास सोडायच्या, "तुम्हाला कळतं ना यांचं?" मला सभेतले शब्द कळत होते. मंजूर, नामंजूर, विरुद्ध, पुढील सभेत. 'सभा सुरू झाली' हे मला चांगल्या उच्चारात म्हणता यायचं. 'तहान लागली आहे का' हे विचारायला माझ्याकडे एकही शब्द नव्हता. एकदा त्या बराच वेळ काही मागत होत्या. मी पाणी दिलं, उशी सरकवली, पडदा लावला. त्या मान हलवत राहिल्या. मग थकून गप्प झाल्या. काय हवं होतं ते मला आजही माहीत नाही.

दुसरा ठराव २००६ च्या जूनमध्ये झाला. मी तो घरी, डायनिंग टेबलावर, एकटीने वाचला. दोन वर्षांत सभेची भाषा मला कुणी इंग्रजीत सांगितल्याशिवाय कळायला लागली होती. शाळा बंद. तीन मतं विरुद्ध. कारणं लिहिली होती, मुद्देसूद, अण्णांनी मागितली होती तशीच. जुन्या अटीचा उल्लेख करून ती पाळणं आता शक्य नाही असं म्हटलं होतं.

दोन दिवस मी गेले नाही. सांगावं की नाही तेच ठरेना. नवरा म्हणाला, "कशाला सांगतेस? त्यांना कुठे आठवणार आहे?" अण्णांना विचारायला फोन केला, पण त्या दिवशी आईचंही ओरडणं त्यांच्यापर्यंत पोचेना. "काय? काय म्हणते?" एवढंच ते विचारत राहिले. शेवटी मी म्हटलं, "काही नाही आई, सहज केला होता."

शुक्रवारी गेले. त्या खिडकीशी खुर्चीत होत्या आणि त्या दिवशी इंग्रजी शाबूत होतं. मी सरळ सांगितलं.

"बंद?" त्या म्हणाल्या.

"हो."

"किती विरुद्ध?"

"तीन."

त्यांनी तो आकडा त्यांच्या भाषेत म्हटला. मग म्हणाल्या, "तीन म्हणजे वाईट नाही. कारण लिहिलं आहे का?"

"लिहिलं आहे. अटसुद्धा लिहिली आहे. तुमच्या वडिलांची."

"वाच."

मी वाचलं. त्यांनी एकदाही मला थांबवलं नाही, एकही उच्चार सुधारला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी प्रिंट मागून घेतली, चार घड्या केल्या आणि स्वेटरच्या खिशात ठेवली. मग मला विचारलं, मला मुलं होणार आहेत का. मी म्हटलं, अजून नाही. "इथे होऊ देऊ नकोस," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "नाही, असं म्हणायला नको होतं. कुठेही होऊ दे." जेवणाची घंटा झाली तेव्हा मी निघाले.

२००७ च्या उन्हाळ्यात नवऱ्याला न्यू जर्सीत नवा जॉब मिळाला आणि आमचं पार्सिपनीला जायचं ठरलं. ग्रीन कार्डाच्या अर्जावर माझं वर्क परमिटही त्याच महिन्यात आलं. पॉटलकच्या बायका म्हणाल्या, "लकी आहेस, आता ओक ट्री रोडची देशी दुकानं जवळ, सगळं मिळतं." निघायच्या आधी आजींकडे गेले. जुलै होता. त्यांच्या गावाकडे उन्हाळ्यात ऑफिसं बंद असतात, त्यामुळे वाचायला काही नव्हतं. त्यांनी मला ओळखलं की नाही हे मला नक्की सांगता येणार नाही. पण हात धरून ठेवला आणि बोलायला लागल्या, थोडं त्यांच्या भाषेत, थोडं इंग्रजीत. धक्क्यापासून सुरुवात केली. धक्क्याजवळचं घर, मग ओढ्यावरचं, मग जिथे दोन भाऊ बोलत नसत ते, मग कड्याखालचं, ज्याचं छप्पर एकदा हिमलोटाने नेलं. त्या चढत चढत गेल्या, कुरणांपर्यंत. प्रत्येक घराचं नाव सांगत होत्या आणि नावापाठोपाठ क्षणभर थांबत होत्या, तिथे आत कुणी आहे का ते बघत असल्यासारख्या. मी मध्ये बोलले नाही. चारला नवऱ्याचा फोन आला, पॅकर्स आले होते. मी म्हटलं, "मी निघते." त्या पुढच्या घराचं नाव सांगत होत्या.

पार्सिपनीला मला एका नर्सरी शाळेत मदतनीसाची नोकरी लागली. डिसेंबरात आजींच्या मुलाची ईमेल आली. त्या झोपेतच गेल्या होत्या. त्याने लिहिलं होतं, की आईच्या कपाटात माझा ईमेलचा पत्ता एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेला सापडला. मी सकाळी ती ईमेल वाचली, त्याला दोन ओळींचं उत्तर लिहिलं आणि शाळेत गेले. त्या दिवशी बर्फ पडत होता. मुलांच्या जॅकेटांच्या चेन लावून द्यायला आणि बूट घालून द्यायला दुपारचे बारा वाजले. कुणाला काही सांगावं असं वाटत होतं, पण तिथे ज्यांना सांगावं त्यांना तो फियॉर्ड पहिल्यापासून सांगावा लागला असता.